रोबोटाले सांगन कोन?

आमच्याकडे नवी वस्तू आली की आधी तिची पूजा होते आणि मग ती कशाला आणली ते विचारलं जातं. शेठजींच्या गोदामात चार रोबोट आले तेव्हा कारभार याच क्रमानं झाला. नारळ फुटला, कुंकू लागलं, प्रत्येकाला झेंडूचा हार पडला, पेढे वाटून झाले. मग छोट्या शेठनी मोबाइलवरचं बटण दाबलं आणि चारही रोबोट जागच्या जागी लाल दिवे लावून किंचाळायला लागले.

कंपनीला फोन लावला.

"सर, सामने कोई ऑब्स्टकल है क्या?"

"नहीं जी. सिर्फ हार है."

"किस की हार?"

रोबोटाच्या पुढ्यात लेझरचा डोळा असतो आणि त्या डोळ्यासमोर काही आलं की तो जागीच थांबतो, हे त्या दिवशी कळलं. माणूस पायाखाली येऊ नये म्हणून ती सोय. झेंडू आणि माणूस यांत तो फरक करत नाही. हार काढले, ओरडणं थांबलं. रोबोट मात्र हलले नाहीत, कारण त्यांना काम काय करायचं हे कोणी सांगितलंच नव्हतं. "रोबोट रेडी है सर," पलीकडचा म्हणाला, "आप बस अपना डब्ल्यूएमएस इंटिग्रेट कर लीजिए." हे 'बस' त्यानं ज्या सहजतेनं उच्चारलं, तितक्या सहज मी आजवर फक्त लग्नातल्या फोटोग्राफरला "बस, एकच" म्हणताना ऐकलंय.

शेठजींचा होजिअरीचा ठोक धंदा. पेढी राजापेठेत, गोदाम बडनेरा रोडला. बनियन, चड्ड्या, मोजे, टॉवेल, थंडीत कानटोप्या. चांदूर बाजारपासून दर्यापूरपर्यंतचे किरकोळ दुकानदार आमच्याकडून माल उचलतात आणि पैसे पुढच्या सणाला देतात. अशा धंद्यात रोबोट शिरला तो अकोल्याच्या व्याह्यांमुळे. भिवंडीला कोणाचं तरी मोठं गोदाम पाहून ते आले आणि बैठकीत सुपारी कातरत म्हणाले, "बाप्पा, तिथं मानूस रॅककडे जातच नाई. रॅकच चालत येते मानसापाशी." अकोल्याच्या माणसानं नुसतं पाहिलं, तर अमरावतीच्या माणसाला ते घ्यावंच लागतं. कापसाच्या बाजारापासून हे चालत आलंय, त्याला कोणाचा इलाज नाही.

छोटे शेठ पुण्याहून एमबीए करून आलेले. त्यांनी वडिलांना रीतसर इतिहास सांगितला. अमेरिकेतल्या किवा सिस्टिम्सनं रॅकच्या खाली शिरून ती उचलून आणणारे रोबोट काढले. २०१२ साली अ‍ॅमेझॉननं ती कंपनीच ७७ कोटी ५० लाख डॉलर मोजून घेतली आणि पुढे ते रोबोट इतरांना मिळेनासे झाले. मग मोकळ्या बाजारात ज्याचा त्याचा रोबोट आला. आपल्याकडेही ग्रेऑरेंज, अ‍ॅडव्हर्ब ही नावं वाढली, पुण्यात पार्सलं वेगळी करणाऱ्या रोबोटांची अनबॉक्स रोबोटिक्स उभी राहिली. अ‍ॅमेझॉनकडचा आकडा तर २०२५ मध्ये दहा लाखांवर गेला.

"अन् आपल्याकडे?" शेठजींनी विचारलं.

"चार."

"चालते. थ्याइनंबी एकदम दहा लाख नसतीन घेतले."

आमचे चार यांपैकी कोणाचेच नव्हते. ते भलतीकडूनच, महिन्याच्या भाड्यानं आलेले. भाडं पहिल्या दिवसापासून सुरू होतं, काम सुरू व्हायचं होतं. आणि ते सुरू करायची जबाबदारी माझ्यावर आली. मी मूळचा हिशेबनीस. पण पेढीतला प्रिंटर फक्त माझं ऐकतो, एवढ्या भांडवलावर राजापेठेत मला कॉम्प्युटरवाले भाऊ म्हणतात. आतापर्यंत मी ते नाव चहाच्या उधारीपुरतं वापरत होतो.

आता वाचकांना एक गोष्ट सरळ सांगतो, कारण मला ती सरळ सांगणारा कोणी भेटला नाही. रोबोटाला बनियन कळत नाही. या खुणेवरून त्या खुणेवर जा, रॅक उचल, तिथं ठेव, बॅटरी उतरली की चार्जरला लाग, एवढंच त्याला कळतं. उलट गोदामाचा हिशेब ठेवणारा जो प्रोग्राम असतो, ज्याला डब्ल्यूएमएस म्हणतात, त्याला बनियन कळतं. नव्वद नंबरचं किती, कोणत्या रॅकला, कोणाच्या ऑर्डरीचं. पण चालणं म्हणजे काय हे त्याला माहीत नाही. एक ज्ञानी पण लुळा, दुसरा धडधाकट पण अडाणी. या दोघांच्या मधे बसून "हे याला सांग, ते त्याला सांग" करणारं जे सॉफ्टवेअर, ते निवडायचं होतं.

आणि ते एक नाही, हे पुढे कळलं. वर ईआरपी, त्याखाली डब्ल्यूएमएस, त्याखाली डब्ल्यूईएस, त्याखाली डब्ल्यूसीएस, त्याखाली रोबोटांच्या ताफ्याचा आपला मॅनेजर. पहिल्या सेल्समननं पडद्यावर हा उतरता जिना दाखवला तेव्हा शेठजी बराच वेळ पाहत राहिले.

"याच्यातलं काम कोन करते?"

"सर, रोबोट."

"मंग वरचे सारे?"

"वो इंस्ट्रक्शन देते हैं सर."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझ्या पगाराचा पुनर्विचार होता.

हा पहिला सेल्समन बंगळूरहून व्हिडिओ कॉलवर आला होता. त्याच्या तोंडी दोनच उत्तरं होती, "येस सर" आणि "अ‍ॅब्सोल्यूटली सर". मी मुद्दाम विचारलं, "आमच्या गोदामात मांजर आहे, चालेल?" तो म्हणाला, "अ‍ॅब्सोल्यूटली सर, फुल्ली सपोर्टेड." सगळं कसं सीमलेस होईल हे त्यानं इतक्या वेळा सांगितलं की शेठजींनी शेवटी बिनशिवणीच्या मालाचा डझनाचा भाव विचारला.

दुसरे प्रत्यक्ष आले. एप्रिल २०२५ मध्ये बेलोऱ्याला मुंबईचं विमान उतरायला लागल्यापासून हा एक नवाच त्रास झालाय. पूर्वी सेल्समन अमरावती एक्स्प्रेसनं रात्रभर आंबून यायचा आणि पहिल्याच घासाघिशीत हात टेकायचा. आता तो परीटघडीच्या शर्टात ताजातवाना उतरतो. याला गिला वडा खाऊ घातला, तरी तो भावावरून हलला नाही. त्याचं हुकमाचं पान होतं 'व्हीडीए ५०५०'. "सर, आम्ही व्हीडीए ५०५० आहोत," हे त्यानं अशा आवाजात सांगितलं की शेठजींनी मुनीमजींना खुर्ची पुढे सरकवायला लावली.

मी रात्री बसून वाचलं. जर्मनीतल्या मोटार उत्पादकांच्या संघटनेनं, तिथल्या यंत्रवाल्यांच्या संघटनेला बरोबर घेऊन, २०१९ साली हा नियम पहिल्यांदा काढला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच कंट्रोलच्या हाताखाली नांदाव्यात, म्हणून संदेश कसा लिहायचा नि कसा पाठवायचा याचं एक ठरीव वळण. नियम उत्तम आहे. अडचण एकच. तो कंट्रोल आणि रोबोट यांच्यातल्या बोलण्याचा आहे. डब्ल्यूएमएसनं कंट्रोलशी काय बोलावं याबद्दल त्यात काही नाही, आणि आमचं घोडं नेमकं तिथंच अडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी हे विचारलं. साहेब हसले, घड्याळ पाहिलं, म्हणाले, "गुड क्वेश्चन." परतीच्या विमानाची वेळ झाली होती.

तिसऱ्यांचं म्हणणं सोपं होतं. "तुमचा जुना प्रोग्राम फेकून द्या. आमचाच डब्ल्यूएमएस घ्या, आमचाच कंट्रोल घ्या. मग जोडायचंच काय?" तर्क बिनतोड होता. पण आमचा जुना प्रोग्राम म्हणजे साधी चीज नव्हे. इथल्याच कॉलेजातल्या एका पोरानं तो कधीकाळी लिहून दिला. तो पोरगा आता हैदराबादला असतो, फोन उचलत नाही, दिवाळीला शुभेच्छा मात्र न चुकता पाठवतो. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, उंदराचा उपयोग शून्य. पण शेठजी कळवळले. "फेकून देऊ? त्याच्यात माह्या बापाच्या काळातली उधारी हाये!" ती उधारी आता वसूल होणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. त्यातले बरेच देणेकरी वर गेले. पण खातं उघडं आहे तोवर आशा आहे, असं शेठजींचं मत. तिसरे गेले.

मग उगवले आमचे गाववाले भाऊ. राजापेठेत कोणतंही काम अडलं की दुपारपर्यंत एक भाऊ उगवतोच.

"कायले एवढा ताप घेता? तुमचा प्रोग्राम फाइल काढते ना? थे एका फोल्डरात टाकायची. रोबोटवाला थूनच उचलन. झालं!"

"पैसे?"

"पाहू ना मंग. घरचंच काम हाये."

यावर हसू नका. मोठमोठ्या गोदामांतही दर काही मिनिटांनी एक साधी फाइल फोल्डरात टाकून दोन प्रोग्रामांचा संसार चाललेला असतो. आमचाही चालला. मुनीमजींनी ती फाइल उघडेपर्यंत.

मुनीमजींचा काही दोष नाही. गेली कित्येक वर्षं या पेढीतून त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कागद बाहेर पडलेला नाही. त्यांनी फाइल एक्सेलमध्ये उघडली, पाहिली, समाधान झालं, जाताना सवयीनं सेव्ह केली. एक्सेलला आकड्याच्या आधीची शून्यं निरर्थक वाटतात. ००८५ या कोडाचं ८५ झालं. मरून रंगाच्या टॉवेलाचा कोड होता एमएआर-१०, त्याचा १० मार्च झाला. रोबोटांना दुपारभर एकही माल सापडेना आणि शेठजी मुनीमजींना विचारत होते, "दहा मार्चले कोन जन्मला होता?"

मुनीमजी म्हणाले, "म्या काईच नाई केलं. नुसतं पाह्यलं."

तोवर खरा घोळ गोदामात वाढून ठेवला होता. प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याची पहिली मागणी एकच: तुमच्या मालाची आणि जागांची यादी द्या. मी वही घेऊन काकांकडे गेलो. काका म्हणजे गोदामाचे मालक, शेठजी फक्त कागदोपत्री.

"काका, नव्वद नंबरची बिनबाह्यांची कुठी?"

"थे? पंख्याखाली."

"अन् पंच्याऐंशी?"

"थे परतीच्या मालामागं. दर्यापूरवाल्यानं वापस केला होता ना, थ्याच्या."

"तो माल तर मागंच गेला काका!"

"माल गेला. जागा कुठी जाते?"

लहान मुलांचे मोजे 'मांजर याली होती तिथं', टॉवेल 'गळत होतं त्या कोपऱ्यात', कानटोप्या 'बंड्याच्या सायकलीपाशी'. बंड्या नोकरी सोडून गेला, सायकलही गेली. नावांचंही तेच. एकाच मालाला शेठजी बनियन म्हणतात, मुनीमजी गंजी लिहितात, हमाल गंजीफ्राक म्हणतात आणि जुन्या प्रोग्रामात ते बीएन आहे. आम्ही माणसं यात कधी अडखळलो नाही. संगणकानं मात्र त्याचे चार वेगळे माल केले आणि त्यातले तीन संपले आहेत असं कळवून टाकलं. शेठजींनी घाबरून तिरुपूरला नवी ऑर्डर दिली. आता आमच्याकडे बनियन इतकी आहेत की अख्ख्या जिल्ह्यानं अंघोळ सोडली तरी पुरतील.

रॅकना पाट्या लावल्या, जमिनीवर रोबोटाच्या खुणेचे स्टिकर चिकटवले. गोदाम झाडणाऱ्या मावशींनी ते कचरा समजून खरवडून काढले. "जमिनीले काय चिकटोलं होतं कोनं जाने. लय मेहनत लागली साफ कराले," असं सांगून त्यांनी त्याचे जादा पैसे मागितले. मिळाले.

एव्हाना बंगळूरवाल्यांनी फुकटात चाचणी करून द्यायचं कबूल केलं. त्यांचं सॉफ्टवेअर मधे बसलं, आमच्या प्रोग्रामनं पहिली ऑर्डर सोडली आणि रोबोट खरंच निघाला. रॅक घेऊन डौलात आला. काकांनीसुद्धा विडी विझवली. शेठजींनी अकोल्याला व्हिडिओ कॉल लावला. इतक्यात दुसरा रोबोट निघाला. मग तिसरा. परतवाड्याच्या एका दुकानाला एक पेटी बनियन पाहिजे होती. पॅकिंगच्या टेबलावर पेट्यांचा ढीग लागला आणि अकोल्याहून व्याही विचारत होते, "एकाच गिऱ्हाइकाले एवढा माल? धंदा जोरात दिसते बुवा."

झालं होतं असं. आमचा प्रोग्राम ऑर्डर सोडतो आणि "मिळाली" असं उत्तर यायची वाट पाहतो. गोदामातलं नेट मधेच डुलकी घेतं, उत्तर वाटेत हरवतं. प्रोग्रामला वाटतं निरोप पोचलाच नाही, म्हणून तो पुन्हा सोडतो. मधल्या सॉफ्टवेअरला वाटतं नवी ऑर्डर आली. दोघेही आपापल्या जागी बरोबर. असे निरोप पोचवायला एमक्यूटीटी नावाची जी पद्धत हल्ली सर्रास वापरतात, ती मुळात १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनींवर दुरून नजर ठेवण्यासाठी निघाली, जिथं उपग्रहाची लाइन महाग आणि भरवशाची नाही. त्यात निरोप पाठवायचे तीन प्रकार आहेत: पोचला तर पोचला, एकदा तरी पोचेलच, मग दोनदा का होईना, आणि नेमका एकदाच. कोणता प्रकार कुठं लावायचा हे माणसानं ठरवायचं असतं. आमच्याकडे ते कोणीच ठरवलं नव्हतं.

बंगळूरकरांनी अर्धा तास 'डुप्लिकेट मेसेज हँडलिंग' समजावलं. मुनीमजी चष्मा पुसत ऐकत होते. मग म्हणाले, "हे तं साधं हाये. बिल नंबर पाहून घ्या ना. एका नंबराचं बिल म्या दोनदा चढवत नाई, मंग कोनी कितीबी खेपा आनून देवो." लाइनीवर शांतता पसरली. मग कोणीतरी म्हणालं, "येस सर. एक्झॅक्टली सर." त्या दिवसापासून मुनीमजी स्वतःला तांत्रिक सल्लागार समजतात आणि एक्सेलला हात लावू नका म्हटलं तर रागावतात.

हे सगळं काका बघत होते. एकदा जेवणाच्या सुट्टीत, भाकरीवर ठेचा घेत त्यांनी विचारलं, "भाऊ, हे मधातलं सॉफ्टवेअर म्हनजे नेमकं करते काय?" मी सांगितलं, इकडचा निरोप तिकडं.

"म्हनजे मूर्तिजापूर," काका म्हणाले.

काकांचे वडील मूर्तिजापूर स्टेशनावर हमाल होते. यवतमाळहून आणि अचलपूरहून शकुंतला यायची ती अडीच फुटी रुळांवरून. मुंबईची मोठी लाइन साडेपाच फुटी. शकुंतलेचा डबा मोठ्या लाइनीवर चढणार कसा? तर कापसाच्या गाठी एका गाडीतून उतरवायच्या आणि दुसरीत चढवायच्या, माणसांनी. खासगी ब्रिटिश कंपनीची ती लाइन, मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं. वऱ्हाडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत गेला, पण मूर्तिजापूरला थांबून, कोणाच्या तरी पाठीवरून.

"दोन्ही गाड्या झकास," काका म्हणाले. "गाठ हरवली तं मधातच. इकडचा म्हने म्या उतरवली, तिकडचा म्हने मले भेटलीच नाई. म्हून बाबा खडूनं गाठीवर नंबर टाके."

मी जेवता जेवता उठलो आणि मुनीमजींना हाक मारली. ते म्हणाले, "मी काय सांगून रायलो होतो?"

मग मे महिना आला. आमच्याकडचा मे म्हणजे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि वर अकोल्याची माणसं फोन करून सांगतात की त्यांच्याकडे याहून जास्त आहे. एका दुपारी चारही रोबोट चार्जरला लागले आणि चार्ज होईनात. कंपनीनं माहितीपत्रक वाचून दाखवलं: चाळीस अंशांच्या वर चालवू नये. लिथियमच्या बॅटरीला फार तापलेल्या हवेत चार्जिंग मानवत नाही, आणि रोबोटाला स्वतःला जपायची अक्कल दिलेली असते. शेठजींनी त्याच दिवशी दोन मोठे कूलर आणले, वाळ्याच्या ताट्या लावून. काकांनी कूलर मागून किती उन्हाळे झाले ते काकांना पाठ आहे. पण ते काही बोलले नाहीत. त्यांनी आपला स्टूल उचलला आणि पहिल्या व दुसऱ्या रोबोटाच्या मधे नेऊन ठेवला. हमालांचा डबाही आता तिथंच खाल्ला जातो. गोदामात रोबोट आल्यानं कामगारांचं काय होईल यावर बरंच लिहिलं जातं. आमच्याकडे त्यांना कूलर मिळाला.

छोट्या शेठनी मात्र निवडीचं काम शास्त्रोक्त केलं. तक्ता केला: किंमत, अनुभव, सुरक्षा, सपोर्ट, पुढचा विस्तार, प्रत्येकाला गुण, गुणांना वजन, वजनाची बेरीज. शेठजींनी तक्ता उलटसुलट पाहिला.

"याच्यात उधारीचा रकाना कुठी हाये?"

"पप्पा, सॉफ्टवेअर उधारीत नाही मिळत."

"मंग थ्याइले धंदा काय समजते?"

त्याच आठवड्यात नागपूरच्या एका छोट्या कंपनीतून एक पोरगी आली. एसटीनं आली, राजापेठच्या स्टँडवर उतरून सरळ पेढीवर. लॅपटॉप उघडलाच नाही. "आधी गोदाम दाखवा," म्हणाली. तिथं काकांशेजारी बसून तिनं दिवसभर माल कसा निघतो ते पाहिलं, परतीचा माल कुठं जातो ते विचारलं, अर्धवट भरलेली पेटी कोण मोजतं ते विचारलं. ऑर्डर रद्द झाली आणि रोबोट अर्ध्या वाटेत असला तर रॅक कुठं ठेवायची, हा प्रश्न तिनं टाकला तेव्हा आमच्या लक्षात आलं की हा आजवर आम्हाला कोणी विचारलाच नव्हता. संध्याकाळी तिनं चाचणीचं सॉफ्टवेअर लावलं, एक ऑर्डर सोडली, रोबोट निघाला. आणि ती उठून कोपऱ्यात गेली नि नेटची वायर उपटली.

शेठजी ओरडले, "ओ बाई! काय करून रायल्या?"

"पाहून रायली, शेठजी. हे तं रोज होईन ना तुमच्याकडे?"

रोबोट थांबला. थोड्या वेळानं तिनं वायर लावली. रोबोट उरलेला रस्ता चालला, पेटी एकच आली, आणि जुन्या प्रोग्रामात एकच पेटी वजा झाली. मुनीमजींनी तीनदा मोजली. "नंबर पाह्यते बरोबर," असा शेरा मारला.

छोटे शेठ खूश झाले. त्यांनी तक्त्यात नवा रकाना काढला, गुण भरले, वजनं लावली, टक्केवारी काढली. तिचा पहिला नंबर आला. ते शेठजींना सांगायला गेले तर शेठजींनी केव्हाच होकार देऊन टाकला होता.

"पप्पा, तुम्ही कशावरून ठरवलं?"

"पोट्टी वरूडची हाये. थ्याइच्या मामाचं धामणगावले दुकान हाये, आपलाच माल घेते. आपन पैसे नाई देल्ले तं मामा कुठी जाते?"

"मामाकडे आपलेच पैसे बाकी आहेत."

"मंग वळतं करून घेऊ."

असा तो व्यवहार झाला. गोदामात सध्या तीन रोबोट रोज चालतात. चौथ्याचं सुट्या भागावरून भाडेवाल्याशी बोलणं चालू आहे, तोवर त्याच्यावर हमालांचे डबे असतात. काका नोकरीत आहेत आणि त्यांच्या पगारात 'सल्ला' असा एक नवा आकडा आहे. व्याह्यांनी अकोल्याला सहा रोबोट घेतल्याची बातमी आलीये. त्यांचे कशाशी जोडले गेले का, हे मात्र ते सांगत नाहीत आणि आम्ही मुद्दाम विचारत नाही.

तेव्हा तुम्हीही गोदामासाठी असलं सॉफ्टवेअर घ्यायला निघाला असाल तर सेल्समनचा पडद्यावरचा जिना पाहू नका. त्याला गोदामात न्या, रोबोट अर्ध्या वाटेवर असताना नेटची वायर काढा आणि विचारा, "आता?" त्याचं उत्तर येईपर्यंत गिला वडा मागवू नका.